चष्मेवाल्याचे एकोणसाठ पक्षी

खाडीकाठच्या एका गावी एकदा एक चष्मेवाला राहत असे आणि त्याचा जीव साठ पक्ष्यांत गुंतलेला असे. साठ म्हणायचे आपले. प्रत्यक्षात होते एकोणसाठ. साठाव्यापायी त्या भल्या गृहस्थाने काय काय आरंभले, ते आज सांगतो. हसू आले तर खुशाल हसा, मीही सांगताना हसणार आहे. फक्त हसताना आपल्या घरातल्या कपाटाकडे एकदा नजर टाका.

चष्मेवाल्याचे नाव श्रीरंग ओगले. वय बेचाळीस. त्याच्या लहानपणी हंसछाप नावाचा एक चहा मिळत असे आणि त्याच्या प्रत्येक पुड्यात एका पक्ष्याचे रंगीत कार्ड निघे. एकूण साठ पक्षी, पाठीमागे क्रमांक आणि चार ओळींची माहिती. श्रीरंगाच्या हट्टापायी त्या घरात वर्षभर चहाचे पाट वाहिले. आजोबांना पित्त झाले, आत्याची झोप उडाली, पण पोराचे पक्षी वाढत गेले. जे दुहेरी निघत ते शाळेत अदलाबदल करून तो नवे मिळवी. असे करता करता एकोणसाठ झाले आणि तो चहाच बाजारातून नाहीसा झाला. एकेचाळीस क्रमांकाचा नवरंग तेवढा राहिला तो राहिलाच.

पुढे श्रीरंग मोठा झाला, दुकान थाटले, लग्न केले. पण नवरंगाची हुरहुर काही गेली नाही. संग्राहकांच्या एका मासिकात दर दिवाळीला त्याचे पत्र छापून येई: ‘हंसछाप, क्रमांक ४१, कुणाकडे आहे काय?’ अकरा दिवाळ्या गेल्या. बाराव्या खेपेस उत्तर आले. कोल्हापूरच्या इंदुताई सबनीस, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, यांच्याकडे नवरंग होते आणि एक नव्हे, दोन होते!

अक्षर ठसठशीत, मजकूर त्याहून ठसठशीत. ‘आपणाकडे एकोणसाठ कार्डे आहेत हे वाचून संतोष झाला. वैशाखात मी त्या बाजूला येणार आहे. आपला संग्रह पाहीन. कार्डांची निगा नीट राखली असेल तर नवरंगाचे बोलू. हेळसांड करणाऱ्याच्या हाती मी पक्षी देत नाही.’

पत्र वाचून श्रीरंग आधी नाचला आणि मग घामाघूम झाला. निगा? त्याच्याइतकी निगा कोण राखत होते? प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकिटाच्या तोंडाला चिकटपट्टी, अशी दहा-दहा पाकिटे जाड लिफाफ्यात, लिफाफे पत्र्याच्या डब्यात, डब्याच्या झाकणाला पुन्हा चिकटपट्टीचे तीन वेढे, आणि डबा ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप. चार वर्षांपूर्वी हा सारा बंदोबस्त करून त्याने किल्ली जानव्याला बांधली होती आणि तेव्हापासून तो निर्धास्त होता.

त्याची बायको कुमुद म्हणे, “अहो, देवालासुद्धा रोज अंघोळ असते. तुमच्या पाखरांना चार वर्षांत उजेड नाही.”

“तुला नाही कळायचं,” श्रीरंग म्हणे. संग्रह करणाऱ्या माणसांचे हे ठरलेले उत्तर आहे.

पण इंदुताई येणार म्हटल्यावर एवढ्याने त्याचे समाधान होईना. बाईंनी पाहताक्षणी थक्क व्हायला हवे! बाजारपेठेत एक झेरॉक्सचे दुकान होते, तिथे लॅमिनेशनही करून मिळे. शिधापत्रिका म्हणू नका, मुलांची प्रगतिपुस्तके म्हणू नका, सारे गाव तिथे प्लॅस्टिकात घालून घेई. श्रीरंगाने डब्यातले अगदी वरचे कार्ड, क्रमांक बारा, खंड्या, डोळे मिटून उपसून काढले, झाकणाला चिकटपट्टीचे वेढे पुन्हा तसेच चढवले आणि नमुना म्हणून ते कार्ड लॅमिनेट करून आणले. काय ती चकाकी! खंड्याची निळाई आरशासारखी लखलखत होती. उरलेली अठ्ठावन्न त्याने गुरुवारी आणतो म्हणून सांगून टाकले.

आता या श्रीरंगाचे एक गुरू होते. दाजीशास्त्री लघाटे. गावच्या मठातल्या तीनशे पोथ्या गेली पन्नास वर्षे त्यांनी सांभाळल्या होत्या. शनिवारी दुकान बंद असे तेव्हा श्रीरंग त्यांच्याकडे मोडी वाचायला शिके. कागद म्हणजे काय हे शास्त्रीबुवांहून अधिक जाणणारा त्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. तरी आपल्या कार्डांविषयी त्यांना विचारावे असे श्रीरंगाला चार वर्षांत सुचले नव्हते. विचारायला नव्हे, तर शाबासकी घ्यायला म्हणून बुधवारी सकाळी तो त्यांना घरी घेऊन आला.

अंगणात कुमुदचे वाळवण पडले होते. फणसाचे पापड. चटईवर एका बाजूला कालचे कडकडीत झालेले, दुसऱ्या बाजूला आत्ताच थापलेले, ओलसर, पिवळेधमक. शास्त्रीबुवा ओटीवर टेकले. श्रीरंगाने ट्रंक उघडली, डबा पुढ्यात मांडला, आणि लिफाफे, पाकिटे, चिकटपट्टी असे सारे कवच मोठ्या अभिमानाने वर्णन करून सांगितले. मग खंड्या काढून दाखवला.

“उद्या सगळ्यांचं असं करतो. मग शंभर वर्षं बघायला नको.”

शास्त्रीबुवांनी खंड्या हातात घेतला, उजेडात तिरका धरला, परत दिला. चांगले म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. “प्लॅस्टिकची पाकिटं उरलीत का रे तुझ्याकडे?” एवढेच विचारले.

“आहेत की. डझनभर आहेत.”

“आण. चिकटपट्टीही आण. आणि एखादा घट्ट झाकणाचा डबा.”

श्रीरंगाने लगबगीने सारे आणून दिले. त्याला वाटले, गुरुजी आपल्याच पद्धतीत काही सुधारणा दाखवणार. शास्त्रीबुवा उठले, धोतर सावरत अंगणात गेले आणि चटईवरचे ओले पापड अलगद उचलू लागले. एक उचलला, पाकिटात सारला, चिकटपट्टी लावली. दुसरा उचलला, पाकिटात सारला. श्रीरंग पाहतच राहिला. शास्त्रीबुवांचे वय ऐंशीच्या घरात. माणसाचे असे व्हायला वेळ लागत नाही, असाही एक विचार त्याच्या मनाला चाटून गेला. तिसरा पापड पाकिटात गेला तसे त्याला राहवेना.

“शास्त्रीबुवा, अहो, हे काय करताय?”

“बंदोबस्त करतोय. पावसाळा येईल. मुंग्या आहेत, झुरळं आहेत. पापड जपायला नकोत?”

“पण ते ओले आहेत!”

“असू देत. आता बाहेरून काही आत शिरणार नाही. तुझीच पद्धत.”

“अहो, पण बाहेरून शिरायला कशाला हवं? ओल आतच आहे ना! चार दिवसांत बुरशी धरेल. वाळल्याशिवाय का कुणी पापड डब्यात भरतं? कुमुदला विचारा, शेजारच्या काकूंना विचारा, कुणीही सांगेल...”

आणि बोलता बोलता श्रीरंग थांबला. स्वतःचेच वाक्य आपल्या कानात शिरायला माणसाला कधी कधी थोडा वेळ लागतो, तसे त्याचे झाले. त्याने डब्याकडे पाहिले. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे होते.

शास्त्रीबुवांनी पापड पुन्हा चटईवर ठेवले. “हा डबा तू बंद कधी केलास?” त्यांनी विचारले.

“चार वर्षांपूर्वी. श्रावणात.”

“श्रावणातच का?”

“पाऊस लागला होता म्हणून. आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. भिंतींना पाझर फुटले होते. मला धास्ती बसली, म्हटलं पक्षी जातात आता. त्याच संध्याकाळी बसून सगळं बंद केलं.”

शास्त्रीबुवा ओटीवर येऊन बसले. त्यांचा स्वर मवाळ होता, पण शब्द स्पष्ट होते. “श्रीरंगा, हे असंच होतं बघ. स्वच्छ उन्हाच्या दिवशी माणसाला काही बंद करावंसं वाटत नाही. ज्या दिवशी भीती वाटते त्या दिवशी तो दार लावतो. आणि भीती वाटते तो दिवस नेमका सगळ्यात ओला असतो. कागद हवा पितो, बाळा. त्या दिवशीची सगळी ओल तुझ्या कार्डांनी पोटात घेतलेली होती. तू तिच्यावर पाकीट चढवलंस, लिफाफा चढवलास, पत्रा चढवलास. मी तीनशे पोथ्या सांभाळतो त्या कशानं? एका सुती रुमालानं. पण दर वर्षी कोरड्या हवेत प्रत्येक पोथी सोडतो, पान अन् पान उलटतो आणि मग बांधतो. ज्याला आपण पुन्हा पाहणार असतो, तेच टिकतं. बाकी सगळं आपण बंदिस्त ठेवलेलं असतं, सांभाळलेलं नसतं.”

श्रीरंग ताडकन उठला. त्याने कात्री आणली आणि झाकणाचे वेढे कापले. पाकिटे एकेक बाहेर आली. आत धुक्यासारखा बारीक थर होता. बहुतेक कार्डे नशिबाने शाबूत होती, पण चौघांवर तपकिरी ठिपके उठले होते. तांबटाच्या चोचीपाशी एक, हळद्याच्या पंखावर दोन. बेचाळीस वर्षांच्या बाप्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याने ते लपवलेही नाही.

“गेली हो चार. माझ्याच हातानं.”

“चार डागाळली,” शास्त्रीबुवा म्हणाले. “गेलं एकही नाही. आता रडतोस काय? सावली धर, वारा धर, कामाला लाग.”

मग काय विचारता! पुढचे बारा दिवस त्या घरात पक्ष्यांचे वाळवण चालले. उन्हात नव्हे, उन्हाने रंग उडतात हे शास्त्रीबुवांनी बजावले होते. माजघरात कुमुदने पाट मांडले, त्यावर धुतलेली मलमल अंथरली, वर विणलेली जाळी टाकली आणि खालून-वरून हवा खेळेल अशी सोय केली. शेजारच्या काकू पापडांची चौकशी करायला आल्या त्या पक्षी बघत तासभर बसल्या. सुताराने सागवानी पेटी करून दिली. दोन कार्डांमध्ये एक कोरा कागद, पेटी जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, आणि कोरड्या ऋतूत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडायची, असे ठरले. गुरुवारची लॅमिनेशनची भेट अर्थातच रद्द झाली. झेरॉक्सवाला दोन दिवस रुसला होता म्हणतात.

सारे मार्गी लागले. एक सोडून.

लॅमिनेट केलेला खंड्या! ओल पोटात घेऊन तो तापत्या यंत्रातून गेला होता. चौथ्या दिवशी त्याच्या पाठीवर फुगा धरला. आठव्या दिवशी निळाई जांभळट झाली. बाराव्या दिवशी तो खंड्या आहे की वांगे आहे हे सांगणे कठीण झाले. प्लॅस्टिक सोलून काढावे तर वरचा रंगच निघून येईल, असे शास्त्रीबुवांनी आधीच सांगून ठेवले होते. श्रीरंगाने तो एका चष्म्याच्या घरात घातला, घर खटकन मिटले आणि दुकानाच्या मागच्या खणात टाकले. इंदुताईंना हे दिसता कामा नये, एवढे त्याने मनाशी पक्के केले. चार ठिपके जुनेपणावर खपतील; पण हे? हे पाहिल्यावर बाई नवरंग दाखवणारसुद्धा नाहीत.

इंदुताई आल्या. बुटक्या, ताठ, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी. शास्त्रीबुवांना नमस्कार केला, कुमुदने दिलेले पन्हे एका दमात संपवले आणि म्हणाल्या, “आणा.”

श्रीरंगाने पेटी ठेवली. बाई एकेक कार्ड कडेने उचलून पाहू लागल्या. तांबटापाशी त्या थबकल्या.

“हे ठिपके?”

“माझी चूक,” श्रीरंग म्हणाला. “पावसाळ्यात बंद करून ठेवली होती.”

“हं,” बाई म्हणाल्या. त्या ‘हं’चा अर्थ काय घ्यावा ते श्रीरंगाला कळेना. कार्डे संपली. बाईंनी चष्मा काढला. “ही अठ्ठावन्न झाली. मासिकात आपण एकोणसाठ म्हटलं होतंत. क्रमांक बारा नाही.”

श्रीरंगाच्या ओठांवर उत्तर तयार होते. ‘हरवलं.’ चार अक्षरे! रात्रंदिवस घोकून ठेवलेली. हरवण्यात काही पाप नाही, कार्डे हरवतात, मुले पळवतात, वारा नेतो. म्हटले की झाले. आणि नवरंग तिथे हातभर अंतरावर, त्या कापडी पिशवीत होता. पस्तीस वर्षे!

त्याने तोंड उघडले आणि त्याला एकदम जाणवले की छातीत धडधडतेय ती तीच धास्ती आहे. श्रावणातल्या त्या संध्याकाळची. तशीच घाई, तसेच झाकण शोधणारे हात. म्हणजे आजचाही दिवस ओलाच आहे तर, त्याच्या मनात आले. आणि मी पुन्हा बंद करायला निघालोय.

“थांबा हं, आलो,” तो म्हणाला. धावत दुकानात गेला आणि चष्म्याचे घर घेऊन धापा टाकत परत आला. ते इंदुताईंच्या पुढे उघडून ठेवले.

“हा खंड्या. तुम्ही थक्क व्हावं म्हणून मी ह्याला लॅमिनेट केलं. सगळ्यांनाच करणार होतो. शास्त्रीबुवांनी वाचवलं. आणि हा तुमच्यापासून लपवणार होतो, हेही सांगून टाकतो. आता नवरंग नाही दिलात तर माझं काही म्हणणं नाही.”

इंदुताईंनी ते फुगलेले, जांभळे कार्ड उचलले. खालीवर पाहिले. आणि त्या हसायला लागल्या. ताठ बाई ती, पण हसता हसता तिला पदर तोंडाला लावावा लागला.

“ओगले, माझ्याकडे आजवर सात जण संग्रह दाखवून गेले. सातही जणांकडे सगळं चकचकीत. एकाच्याही हातून कधी काही बिघडलेलं नाही म्हणे! अहो, माझ्या स्वतःच्या अकरा कार्डांवर रबरबँडचे वळ आहेत. बिघडलेलं जो दाखवतो, तो राहिलेलं नीट बघतो, एवढं मला कळतं.” त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची घडी काढली आणि उलगडली. आत नवरंग होता. “घ्या. पण अदलाबदलीचा नियम सोडायचा नाही. मला त्याच्या बदल्यात हा तुमचा खंड्या हवा.”

“हा? ह्याचं तुम्ही काय करणार?”

“तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. बरोबर नकाशा लावला की वर्ग जांभया देतो. चुकलेला नकाशा फळ्यावर लावला की मागच्या बाकापर्यंत सगळे सावध होतात. आठवा माणूस येईल ना, त्याला आधी हा दाखवीन.”

श्रीरंगाने मनात हिशेब मांडला आणि त्याचा चेहरा पडला. “पण ताई, मग माझे पुन्हा एकोणसाठच!”

यावर कुमुदला हसू आवरेना, शास्त्रीबुवाही पंखा हलवायचे थांबून हसू लागले, आणि शेवटी श्रीरंगाला स्वतःलाच हसू फुटले. पस्तीस वर्षे आटापिटा करून माणूस जिथे होता तिथेच! खंड्या त्याला आईने दिलेला होता, पहिल्या पुड्यातला. त्याने तो एकदा कडेने धरला, ओंजळीत घेतला आणि इंदुताईंच्या हातात दिला.

“बारा क्रमांकासाठी आता पत्र लिहायला लागेन,” तो म्हणाला.

“लिहा,” शास्त्रीबुवा म्हणाले. “एक जागा मोकळी असली की माणूस पेटी उघडत राहतो.”

नवरंग आता त्याच्या तळव्यावर होता. हिरवा, निळा, पोटाशी शेंदरी, जणू कालच छापलेला. श्रीरंग पाहत राहिला. मग त्याच्या ध्यानात आले की कुमुद दोन पावले मागे उभी आहे, हात पाठीशी घेऊन. पक्ष्यांना हात लावायचा नाही असे त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितले होते. सोळा वर्षे झाली त्याला. पाट मांडले तिने, मलमल धुतली तिने, जाळी टाकली तिने. पण या बारा दिवसांतही कार्ड मात्र तिने एकदाही उचलले नव्हते. त्यानेही दे म्हटले नव्हते.

“कुमुद,” तो म्हणाला, “हे घे. आधी तू बघ.”

तिने हात पदराला पुसले, दोन बोटांनी कड धरली आणि ओटीच्या टोकाशी, उजेडात जाऊन उभी राहिली. पाठीमागचा मजकूर ती मोठ्याने वाचू लागली, आणि ऐकायला सगळे गप्प बसले.